दुबई पुन्हा पाहिली तेव्हा

आम्ही दोघी जावा, खेड तालुक्यातल्या. १९९२ ते २००३ अशी अकरा वर्षं आम्ही नवऱ्यांच्या नोकरीपायी दुबईत राहिलो. गेल्या हिवाळ्यात पाहुण्यांच्या विझावर पंधरा दिवस पुन्हा जाऊन आलो. आल्यापासून गटातल्या बाया विचारतात, काय पाहिलंत? ८२८ मीटर उंचीचा बुर्ज खलिफा २०१० साली उघडला, मेट्रो २००९ साली सुरू झाली. दोन्ही आम्ही परतल्यानंतरचं, म्हणून आम्हालाही नवंच. पण त्याचे फोटो तुम्ही पाहिलेच असतील. आज आम्ही आमच्या जुन्या दुबईबद्दल बोलतो.

दुबईच्या मधोमध समुद्राची खाडी आत शिरते. एका काठाला देरा, दुसऱ्या काठाला बर दुबई. खाडी ओलांडायला लाकडी होडी असते, तिला अबरा म्हणतात. आपल्याकडच्या तरीसारखीच. तेव्हा अर्धा दिरहॅम लागायचा, आता एक. होडी तीच, वाराही तोच. पलीकडे उतरलं की कापडाचा बाजार, अलीकडे मसाल्याचा आणि सोन्याचा. तेवढं सगळं ओळखीचं निघालं.

आमचं घर मात्र सापडलं नाही. देऱ्यात दोन खोल्यांत आम्ही दोन कुटुंबं राहत होतो. त्या इमारतीच्या जागी आता गाड्या उभ्या असतात. शेजारी मल्याळी होते, पाकिस्तानी होते. एकही कुटुंब तिथे उरलेलं नाही. त्यात नवल काही नाही. आमच्यासारख्यांचा राहण्याचा विझा नोकरीला बांधलेला. नोकरी संपली, दुसरी मिळाली नाही, की ठराविक मुदतीत देश सोडायचा. बायकोचा विझा नवऱ्याच्या विझावर. धाकटीची मुलगी तिथेच जन्मली, पण तिथे जन्मली म्हणून ती तिथली झाली नाही. अकरा वर्षं भाडं भरलं, पण यंदा विमानतळावर आम्ही इतर पाहुण्यांसारख्याच रांगेत उभ्या होतो.

वाईट वाटलं, खोटं कशाला बोला? पण रात्री दोघी हिशेब करत बसलो की त्या अकरा वर्षांतलं आपल्याजवळ काय राहिलं. थोरलीने सोन्याच्या बाजारातून वर्षाला एखादं वळं घेतलं होतं, पावतीसकट. परत आल्यावर त्यातून काजू सोलायचं काम उभं राहिलं. धाकटीचं गावच्या बँकेत दोघांच्या नावाचं खातं होतं, त्यावर मुलांची शिक्षणं झाली. आणि पगारातून बांधलेलं मोठं घर? ते सासऱ्यांच्या नावावर. पुढे वाटण्या निघाल्या तेव्हा पैसे कुणी पाठवले हे तोंडी सांगावं लागलं. तोंडी सांगण्याला किती किंमत असते, तुम्ही जाणता.

मेट्रोत बायकांचा आणि मुलांचा वेगळा डबा असतो. तिथे एक बाई भेटली, आंध्रातली, एका घरात कामाला. तिची आठवड्याची सुट्टी होती. आम्ही तिथे असताना घरकामाच्या बाईला सुट्टी मिळणं मालकाच्या मर्जीवर होतं. २०१७ साली तिथे घरकामगारांचा कायदा झाला, नंतर २०२२ साली नवा आला. आठवड्याला एक दिवस सुट्टी आणि आपले कागद आपल्याजवळ ठेवणं हा आता तिचा हक्क आहे. ती म्हणाली, "अक्का, पहिल्या मालकिणीने पासपोर्ट कपाटात ठेवला होता. मागितला तेव्हा मिळाला. कायदा आहे हे माहीत होतं म्हणून मागितला."

म्हणून मैत्रिणींनो, कुणी आखातात जायला निघालं तर पाहुण्यांच्या विझावर कामाला जाऊ नये. आधी जा, तिथे बदलून देतो असं एजंट म्हणतो, पण अडकते ती बाई. एजंटाची सरकारी नोंद आहे का, ते ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावर पाहता येतं. गावातली शिकलेली पोर पाच मिनिटांत पाहून देईल. करार हातात आल्याशिवाय पैसे मोजू नयेत.

आणि जिचा नवरा किंवा मुलगा तिकडे आहे, तिने गटाच्या पुढच्या बैठकीला तीन कागद आणावेत. त्याच्या पासपोर्ट-विझाची प्रत, नोकरीच्या कराराची प्रत आणि पैसे जमा होतात त्या खात्याचं पासबुक. पासबुकावर आपलं नाव आहे का ते बघा. घर बांधलं असेल तर ग्रामपंचायतीच्या नोंदीत नवरा-बायको दोघांचं नाव लावता येतं, त्यासाठी अर्ज करा. त्या शहरात आपलं नाव कुठे राहत नाही. गावच्या कागदावर ते राहू शकतं, आणि ते काम माणूस तिकडे कमावतोय तोवरच करून घ्यायचं.