नव्या वाघिणीला गंज चढवताना

(ज्येष्ठ सभासदांच्या मेळाव्यातील भाषण)

गणपतीत आमच्याकडची छोटी आगगाडी बघून बी विंगमधल्या एका वहिनींनी विचारलं, "भाऊ, डबे एवढे मळके का हो?" ते मीच मळवलेत. त्याचीच हकिगत सांगतो.

या गाड्या एचओ मापाच्या, म्हणजे खऱ्याच्या १/८७. अमेरिकेतला ४० फुटी मालडबा साडेपाच इंचांचा होतो. मुलाने तिथून पाठवलेली पहिली वाघीण (हा आपला जुना शब्द मला फार आवडतो) विटकरी रंगाची, चकचकीत. अगदी खेळणं! खरी मालगाडी जन्मभर उन्हापावसात. तिला कुठली चकाकी? मी उत्साहाने तपकिरी रंग सगळीकडे फासला. धुळवड झाली नुसती. ही म्हणाली, "अहो, बँकेत लेजरवर कधी शाईचा डाग पडू दिला नाहीत, आणि पोराने पाठवलेल्या वस्तूची ही दशा?" मुलाचा व्हिडिओ कॉल आला की तो डबा मी पुस्तकांमागे सरकवायचो.

चुकलं एवढंच, की डाग येतो कुठून हे मी कधी बघितलंच नव्हतं. पुढे मुलाकडे गेलो, तेव्हा रेल्वे फाटकापाशी तासन्‌तास उभा राहिलो. गंज जोडापाशी, दाराच्या सरकपट्टीपाशी, शिडीच्या पायापाशी धरतो आणि पाणी ओघळेल तसा खाली उतरतो. चाकाची बाजू मातकट, पण रुळावर टेकणारी कड लखलखीत. सिमेंटच्या डब्यावर वरच्या झाकणांपासून पांढरे ओघळ. एका मळक्या डब्यावर तर ताज्या रंगाचा स्वच्छ चौकोन, त्यात आकडे नव्याने लिहिलेले. खोडून सही केलेल्या नोंदीसारखा!

आता कृती. आधी मॅट वार्निशचा स्प्रे. मग काळपट तपकिरी ॲक्रिलिक रंग, ताकाहून पातळ. फटींत बसू द्यायचा आणि उरलेला वरून खाली पुसायचा, आडवा नाही. सुकल्यावर पेस्टल खडूची पूड मऊ ब्रशने. शेवटच्या स्प्रेने बरीचशी पूड दिसेनाशी होते, म्हणून हात थोडा सढळ ठेवावा. रंग स्पिरिटमध्ये मात्र कालवू नका. खालच्या वार्निशवर पांढरट साय धरते. माझा एक डबा तसा गेला.

गेल्या दिवाळीत मुलगा आला. पुस्तक काढताना धुळवडीचा डबा त्याच्या हाती लागला. काही बोलला नाही. गाडीला शेवटी जोडला आणि बटण दाबलं. तो अजून तिथेच आहे.

बघायचं असेल त्यांनी रविवारी चारनंतर यावं. चहा होईलच. डब्यांना मात्र हात लावू नका, पूड बोटांना लागते.