स्वच्छ केलेल्या जमिनीवर परतायचे केव्हा?
(गणेशोत्सवातील व्याख्यानाचा सारांश)



आपल्या हैदराबादेत ईसीआयएल आहे, एनएफसी आहे. ‘रेडिएशन’ हा शब्द आपल्या घरांना नवा नाही. आज मात्र बोलायचे आहे ते त्यापायी गाव सुटलेल्यांविषयी. त्यांनी परतायचे तर जमीन किती स्वच्छ हवी, आणि ते ठरवायचे कोणी?

मार्च २०११ मध्ये जपानात फुकुशिमाचा अपघात झाला. इइताते हे गाव अणुकेंद्रापासून बरेच दूर, तरी वाऱ्या-पावसाबरोबर सीझियम तिथे उतरले आणि गाव रिकामे करावे लागले. पुढे शेतांतली वरची सुमारे ५ सेंटिमीटर माती खरवडून काढली. ज्यांची गावाकडे शेती आहे, त्यांना ठाऊक आहे, कस असतो तो याच थरात! ३१ मार्च २०१७ रोजी बहुतेक गाव पुन्हा खुले झाले.

परतण्यासाठी मर्यादा ठेवली वर्षाला २० मिलिसिव्हर्ट. दूरचे ध्येय १. आपल्याकडे २० ही सरासरी मर्यादा टीएलडी बॅज लावून काम करणाऱ्या प्रशिक्षित कर्मचाऱ्याची. सामान्य नागरिकाची १. शाळेतल्या मुलाला ना बॅज, ना प्रशिक्षण. शाळांना २० चा आकडा लावल्यामुळेच सरकारचे सल्लागार प्रा. तोशिसो कोसाको यांनी एप्रिल २०११ मध्ये राजीनामा दिला.

त्या १ चा हिशेबही पाहा. माणूस रोज ८ तास बाहेर, १६ तास लाकडी घरात, आणि घरात मात्रा बाहेरच्या ४० टक्के, असे धरले. त्यावरून तासाला ०.१९ मायक्रोसिव्हर्ट आले, निसर्गाचे ०.०४ मिळवून ०.२३. पण १२ तास रानात राबणाऱ्या शेतकऱ्याचे काय? त्याच जागी त्याची मात्रा १.१७ मिलिसिव्हर्टच्या घरात जाते.

म्हणून घाबरायचे का? नाही. निसर्गातूनच जगात माणसाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळतात. मराठवाड्याच्या काळ्या कातळापेक्षा इथल्या ग्रॅनाइटमध्ये युरेनियम-थोरियम अधिक, तरी आपण पिढ्यान्‌पिढ्या इथे नांदतो आहोत. १ म्हणजे काही मृत्यूची रेषा नव्हे. पण ग्रॅनाइट कोणी आणून टाकला नाही. सीझियम माणसाच्या चुकीने आले. म्हणून तिथे संमती विचारावीच लागते.

विज्ञान धोका किती ते सांगते. तो पत्करायचा की नाही, हे त्या घरातल्या माणसांनी ठरवायचे. त्यांच्यापुढे आकडा हिशेबासकट मांडावा, आणि जो परतणार नाही त्याची मदत थांबवू नये. आपले मूळ गाव सोडून इथे रुजलेल्या आपल्याला हे वेगळे सांगायला नको.

गणपती बाप्पा मोरया!