बेपत्ता माणसाच्या नावावरचं घर

(रोहा येथे पेण, रोहा, मुरूड भागातल्या महिला मंडळांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



शिबिराच्या पत्रिकेत माझा विषय 'युद्धग्रस्त भागातलं जीवन आणि पुनर्बांधणी' असा छापला आहे. ती वाचून धाटावहून आलेल्या एका बाईंनी मला सकाळीच विचारलं, "ताई, रोह्यात कुठं युद्ध झालं?" प्रश्न अगदी बरोबर आहे. कुंडलिकेच्या काठावर कधी रणगाडे आले नाहीत. पण युद्ध आपल्याकडे वेगळ्या वाटेनं येतं. २ ऑगस्ट १९९० ला इराकनं कुवेतमध्ये फौजा घुसवल्या आणि मुरूड, म्हसळा, श्रीवर्धनच्या किती तरी घरांतले ड्राफ्ट यायचे थांबले. सुमारे १ लाख ७० हजार भारतीयांना जॉर्डनमधल्या अम्मानहून विमानांनी मुंबईला आणलं गेलं. ही हकीकत आपल्याला सिनेमामुळे माहीत झाली आहे. सिनेमा विमानतळावर संपतो.

मुरूडकडच्या एका आजींनी मला त्याच्या पुढची गोष्ट सांगितली. तीन महिने नवऱ्याचा पत्ता नव्हता. वाण्याची उधारी तुंबली, पाटल्या मोडल्या, थोरल्या मुलीची शाळा सुटली. नवरा आला तो एक बॅग घेऊन. पुढं वर्षभर तो ओटीवर बसून रेडिओ ऐकायचा, कुणाशी बोलायचा नाही, आणि या तांदळाच्या भाकऱ्या आणि पापड करून घर ओढत होत्या. पुढं संयुक्त राष्ट्रांनी १९९१ मध्ये नुकसानभरपाईसाठी आयोग नेमला. इराक-कुवेत सोडून यावं लागलेल्यांना ठरावीक रक्कम मिळाली, आजींच्या नवऱ्यालाही मिळाली. पण ती देश सोडावा लागल्याबद्दल होती. कोकणातल्या घरात मोडलेल्या पाटल्या आणि सुटलेली शाळा यांची मोजदाद कुणी करायची, हा प्रश्नच कुणाच्या डोक्यात आला नाही. आजींच्याही नाही. मी विचारल्यावर त्या हसल्या आणि म्हणाल्या, "ते काय, घरातलंच होतं."

हे 'घरातलंच' म्हणजे काय, ते आज बोलायचं आहे.

युद्धानं उद्ध्वस्त झालेल्या बायका आपल्या महाराष्ट्रात येऊन राहिल्या, हे तुमच्यापैकी किती जणींना माहीत आहे? कोल्हापूरजवळ वळिवडे म्हणून गाव आहे. तिथं १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहत होते. १९३९ च्या सप्टेंबरात पोलंडवर एका बाजूनं जर्मनी आणि दुसऱ्या बाजूनं सोव्हिएत रशिया चालून आला. पूर्व भागातल्या लाखो लोकांना पुढच्या दोन वर्षांत मालगाड्यांत भरून सैबेरिया, कझाकस्तानात पाठवलं गेलं. १९४१ मध्ये जर्मनीनं रशियावरच हल्ला केल्यावर त्यांची सुटका झाली, आणि इराणमार्गे काही जण हिंदुस्थानात पोचले. काही मुलं जामनगरजवळ बालाचडीला, जामसाहेबांच्या आश्रयाला राहिली. वळिवड्याला आले ते मुख्यतः बायका आणि मुलं. धडधाकट पुरुष पोलिश सैन्यात भरती होऊन इटलीपर्यंत लढायला गेले होते, बाकीचे बर्फात गेले होते.

म्हणजे पाच हजारांची वस्ती, आणि त्यात पुरुष थोडे. तिथं शाळा उभ्या राहिल्या, दवाखाना, चर्च, नाटकं, मुलींची स्काउट पथकं. सैबेरियात लाकडं तोडणाऱ्या बायका इथं शिक्षिका झाल्या, परिचारिका झाल्या. मला यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे, की शाळेसाठी कुणी थांबलं नाही. आधी पक्की घरं, मग रस्ता, मग सवडीनं मुलांचं बघू, असं झालं नाही. आपत्तीत मुलं शाळेत बसली की आयांचे हात मोकळे होतात आणि डोकंही थोडं ठिकाणावर येतं. आपल्याकडे निवारा केंद्र म्हणून पहिली शाळाच ताब्यात घेतात आणि ती शेवटी रिकामी करतात.

पण कौतुक करताना जपून करू या. वळिवड्याच्या बायकांच्या पाठीशी लंडनमध्ये बसलेलं त्यांचं सरकार होतं, ब्रिटिश सरकार होतं, पैशाची काही व्यवस्था होती. आणि एवढं होऊनही युद्ध संपल्यावर त्यांना घरी जाता आलं का? १९४५ च्या याल्टा परिषदेनंतर त्यांची गावंच सोव्हिएत हद्दीत गेली. माहेर आणि सासर दोन्ही दुसऱ्या देशात. बऱ्याच जणी इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, कॅनडाकडे गेल्या. पोलंडची राजधानी वॉर्सा इथं कोल्हापूरच्या नावाचं स्मारक आहे. आपल्या पंतप्रधानांनी ऑगस्ट २०२४ मध्ये तिथं फुलं वाहिली.

मला मात्र त्या बराकींचं पुढं काय झालं ते जास्त ओढ लावतं. पोलिश लोक गेले आणि त्याच जागेत फाळणीत घरदार सोडून आलेले सिंधी निर्वासित आले. आजचं गांधीनगर ते हेच, तिथल्या कापडाच्या घाऊक बाजारातून आपल्या बचतगटांतल्या कुणी माल आणलाही असेल. एका युद्धाच्या बायकांनी मोकळ्या केलेल्या जागेत फाळणीच्या बायकांनी चूल मांडली. या दुसऱ्या बायकांचं स्मारक मी पाहिलेलं नाही. बाजारपेठ उभी केली म्हणून सिंधी पुरुषांच्या उद्यमशीलतेचे गोडवे गातात. ती पेठ उभी राहीपर्यंत घरात काय शिजत होतं आणि कशावर, हे कुणी लिहिलेलं माझ्या वाचनात नाही.

आता दुसरी गोष्ट, आणि ती आपल्याला जास्त जवळची आहे. युद्धात माणूस मरतो तेव्हा निदान तो मेला हे कळतं. बेपत्ता झालेल्याचं काय? काश्मीरमध्ये १९८९-९० नंतर पुरुष नाहीसे होऊ लागले. कुणी उचलून नेले, कुणी निघून गेले. त्यांच्या बायकांना तिथं 'अर्धविधवा' म्हणतात. परवीना आहंगार यांचा कोवळा मुलगा असाच नेला गेला. १९९४ मध्ये त्यांनी बेपत्तांच्या पालकांची संघटना उभी केली. अर्धविधवेला मृत्यूचा दाखला मिळत नाही, म्हणून वारसाची नोंद होत नाही, नवऱ्याच्या खात्यातले पैसे मिळत नाहीत, सासरची जमीन मिळत नाही. दुसरं लग्न करावं तर किती वर्षं थांबायचं, यावरही बरीच वर्षं एकमत नव्हतं. डिसेंबर २०१३ मध्ये तिथल्या उलेमांनी चार वर्षं असं सांगितलं. कायद्याची मुदत सात वर्षांची आहे. सात वर्षं ज्याची काही खबर नाही त्याला मृत धरता येतं. जुन्या पुरावा कायद्यात हे होतं, २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यातही आहे.

श्रीलंकेत २००९ मध्ये युद्ध संपलं. तिथल्या बायकांपुढं पेच होता. मृत्यूचा दाखला घ्यावा तर आपणच माणसाला मारल्यासारखं होतं आणि त्याचा शोधही थांबतो. न घ्यावा तर कागद अडतात. म्हणून २०१६ मध्ये तिथं 'अनुपस्थितीचा दाखला' देण्याची तरतूद झाली. माणूस जिवंत की मृत हे न ठरवता बायकोला घरचे व्यवहार करता येतील असा कागद. शोधाचं काम तिथं रखडलेलंच आहे, हेही सांगायला हवं. पण ही कल्पना मला फार शहाणपणाची वाटते.

आपल्याकडे इर्शाळवाडीवर जुलै २०२३ मध्ये दरड आली. २७ मृतदेह मिळाले, ५७ माणसं मातीखालीच राहिली आणि शोध थांबवला गेला. दरड सगळ्यांना दिसते, त्यामुळे अशा वेळी सरकार सात वर्षं थांबा म्हणत नाही. पण जिथं काही दिसत नाही तिथं?

ऐंशीच्या दशकात संगमनेरला, विट्याला परित्यक्तांचा प्रश्न पुढं आला तेव्हा बायकांनी पहिल्यांदा मागितलं ते स्वतंत्र रेशनकार्ड. नवरा आहे पण नाही, अशा बाईला सरकारदरबारी अस्तित्वच नव्हतं. ती अर्धविधवेचीच बहीण. आज २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानं रेशनकार्डावर घरातली मोठी बाई कुटुंबप्रमुख झाली आहे. घर आणि जमीन मात्र होती तिथंच आहे.

आपल्याच तालुक्यातल्या एका कातकरी वाडीतली बाई. गाव सांगत नाही. नवरा २०१४ च्या दिवाळीनंतर वीटभट्टीवर गेला तो परत आला नाही. मुकादम म्हणतो, मध्येच निघून गेला. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं आणि हिच्या घराचे सगळे पत्रे उडाले. पंचनामा झाला. घर नमुना आठवर नवऱ्याच्या नावावर, म्हणून मदतीच्या यादीत नाव त्याचं. "त्याला आणा नाहीतर त्याचा मृत्यूचा दाखला आणा," असं तिला सांगण्यात आलं. आठ दिवसांत दीर हजर झाला. भाऊ गेला, आता घर माझं, म्हणाला. वादळात राहत कोण होतं, पोरं छातीशी घेऊन भिंतीला कोण चिकटून बसलं होतं, हे कुणी विचारलं नाही.

तिची केस आम्ही हातात घेतली तेव्हा पहिली अडचण निघाली ती तारखेची. नवरा कधीपासून बेपत्ता? ती म्हणाली, धाकटा रांगत होता तेव्हापासून. पोलिसात मिसिंगची नोंद नव्हती. कातकरी बाई पोलीस ठाण्याची पायरी सुखासुखी चढत नाही, त्याला कारणं आहेत आणि ती तुम्हा सगळ्यांना माहीत आहेत. नोंद नसल्यामुळे सात वर्षं मोजायची कुठून, हेच दाखवता येईना. शेवटी धाकट्याच्या जन्मनोंदीवरून, अंगणवाडीच्या वहीवरून आणि वाडीतल्या चार माणसांच्या जबान्यांवरून काळ बसवला. दावा दाखल झाला आहे, निकाल लागायचा आहे. पत्रे तिनं स्वतःच, दोन हंगाम मजुरी करून घातले.

या शिबिराला येण्याआधी मी आमच्या कार्यकर्त्यांना विचारलं, अशी घरं किती असतील? प्रत्येकीनं बसल्या जागी दोन-तीन सांगितली. भट्टीवर गेलेला, बोटीवर गेलेला, मुंबईला दुसरा संसार थाटलेला. त्यातल्या एकाही ठिकाणी पोलिसात नोंद नव्हती.

म्हणून दुपारच्या सत्रात भाषण नाही. प्रत्येक मंडळानं आपापल्या वाडीची यादी करायची: घर नमुना आठवर कुणाच्या नावावर आहे आणि तो माणूस घरात आहे का. नसेल तर कधीपासून, आणि शेवटचा निरोप कुणाकडे आला. ते 'कधीपासून' आज वहीत लिहून घ्या, जन्म, लग्न, पूर, वादळ, निवडणूक, जे आठवेल त्याच्या खुणेनं. मिसिंगच्या तक्रारीचा नमुना आम्ही मराठीत करून आणला आहे. उद्या सकाळी रोहा पोलीस ठाण्यात ज्यांना जायचं आहे त्यांच्याबरोबर दोघी-तिघी जाऊ, एकटीनं जायचं नाही. तक्रारीची पोच मागायची, आणि पोच मिळाल्याशिवाय उठायचं नाही. वकीलताई जेवणानंतर मागच्या खोलीत बसतील. घरपट्टीची पावती असेल तर घेऊन या. नसेल तर वाडीचं नाव सांगा, उतारा आपण काढू.