जाम झालेला बोल्ट



व्याख्यानमालेत इतिहास ऐकावा, काव्य ऐकावे, अशी आपली रीत आहे. आम्ही मात्र आज जुन्या जीपच्या पाट्यात जाम होऊन बसलेल्या बोल्टाविषयी बोलणार आहोत. विषय लहान दिसतो खरा. परंतु तेलगाव हे रस्त्यांचे गाव. बीड-परळी आणि माजलगाव-धारूर या वाटा येथे एकमेकींना भेटतात, आणि गाळपाच्या हंगामात कारखान्याकडे उसाच्या वाहनांची रांग लागते. अशा गावाला बोल्ट परका नाही.

महिंद्र मंडळींनी १९४७ साली विलीस जीप भारतात बांधण्याचे काम हाती घेतले. त्या घराण्यातील गाड्या आजही कोठे कोठे गोठ्याशेजारी उभ्या दिसतात. इंजिन सुरू होते, पण पाटे बदलावयास घेतले की बोल्ट हलत नाही. मग कोणी घण उचलतो, कोणी गॅसची नळी. येथेच गाडीचे भवितव्य ठरते.

आपला मुलूख कोरडा. मग गंज कोठून येतो? काळ्या मातीचा चिखल पाट्याच्या गुंडाळीला थापला जातो आणि पाऊस सरला तरी आत ओल धरून ठेवतो. त्यात खताच्या पोत्यांची वाहतूक झाली असेल, तर सांडलेले क्षार हवेतील दमटपणा ओढून घेतात. लोखंड, पाणी आणि प्राणवायू यांचा गंज बनतो, आणि तो मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा मागतो. बोल्ट आणि बुशची नळी यांच्यामध्ये ही जागा नसतेच. म्हणजे बोल्ट नुसता चिकटत नाही. गंज त्याला चहूंकडून आवळून धरतो. अशा बोल्टाला लांब पान्ह्याने पिळले की डोके तुटून हातात येते, आणि दांडा आतच राहतो.

म्हणून पहिले काम जोराचे नाही. आधी गाडी ठोकळ्यांवर आणि घोड्यांवर नीट बसवावी. केवळ जॅकच्या भरवशावर कोणीही खाली शिरू नये. मग तारेच्या ब्रशने आटे साफ करावेत, आणि डिझेल व पातळ तेल दोन-तीन दिवस सकाळ-संध्याकाळ सोडावे. मधूनमधून हातोड्याचे आखूड टोले द्यावेत; त्या हादऱ्याने गंजाला भेगा जातात आणि तेलाला वाट मिळते. नट सोडण्याआधी किंचित आवळून पाहावा, मग सोडावा, पुन्हा आवळावा. आणि एक ध्यानात ठेवावे : जुन्या विलीस जीपच्या काही शॅकलांना उलटे आटे असतात. तेथे आपण सोडतो म्हणून आवळतच जातो!

एवढ्याने न भागले, तर विस्तव. तापविल्याने भोक आवळते असा पुष्कळांचा समज आहे. पण आपला लोहार बैलगाडीच्या चाकावर धाव चढवितो ती कशी? लोखंडी धाव तापवून मोठी करतो, चाकावर बसवितो आणि पाणी ओततो. ती आक्रसून चाक घट्ट धरते. येथे तेच शास्त्र उलटे वापरावयाचे. बोल्ट नव्हे, त्याभोवतीचे लोखंड तापवावे. वीस मिलिमीटरचे भोक ३०० अंशांनी तापले, तर सुमारे सात शतांश मिलिमीटर वाढते. हे अंतर केसाच्या जाडीएवढे. पण गंजाची पकड मोडण्यास पुष्कळदा पुरते. मात्र रबराचा बुश, ब्रेकची नळी व पेट्रोलची टाकी जवळ असतील तर विस्तव दूरच ठेवावा.

तरीही बोल्ट हटला नाही, तर तो कापावा. आमचे सारे सांगणे या एका वाक्यात आहे : काय गमवावयाचे हे आधी ठरवावे. बोल्ट बाजारात मिळतो, बुश मिळतो. चासीचा कान मिळत नाही. पाटा आणि कान यांच्या फटीत हॅकसॉचे पाते घालून बोल्टाचे तुकडे करण्यास दुपार लागेल. गॅसने पाच मिनिटांत होईल, पण कानाची पट्टी जळेल, आणि पुढे भरल्या गाडीत ती तुटली तर आतल्या माणसांचे काय?

यात कायद्याचाही भाग आहे. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या खाजगी गाडीला वारसा-वाहन म्हणून नोंदता येते. पण ती मूळ स्वरूपात हवी, चासीत मोठा फेरफार नको. कापलेली चासी हा मान गमावते.

नवा बोल्ट त्याच मापाचा आणि त्याच प्रतीचा घ्यावा. मऊ सळईला आटे पाडून वेळ मारून नेऊ नये. एकदा काढलेले यू-बोल्ट पुन्हा वापरू नयेत. दांड्याला ग्रीस लावावे, आणि बुश रबराचा असेल तर शेवटचा आवळ गाडी चाकांवर उतरल्यावर द्यावा. नाहीतर रबर पिळलेलेच राहून लवकर फाटते.

श्रोतेहो, हे ज्ञान आपल्या फाट्यावरच्या मिस्त्रींच्या हातात आहे, कागदावर फारसे नाही. त्यांच्या शेजारी बसून तरुणांनी ते वहीत उतरून घ्यावे, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.