आधी शहानिशा, मग प्रसिद्धी

माध्यमांचे शिक्षण म्हटले की मुलांच्या डोळ्यांपुढे कॅमेरा येतो, संकलनाचे सॉफ्टवेअर येते. पनवेलमध्ये मी ज्या मुलांना शिकवतो, तीही याला अपवाद नाहीत. ही साधने त्यांना झटपट येतात. त्यात माझ्यापेक्षा तीच वाकबगार! मी त्यांच्याकडून वेगळीच तालीम करून घेतो. हाती आलेले चित्र खरे आहे का, हे तपासण्याची.

या तपासणीचे मोल काय? १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना जमावाने ठार मारले. मुले पळवणारी टोळी आल्याची अफवा मोबाईलवरून पसरली होती. त्या सुमारास देशभर एक चित्रफीत फिरत होती. मोटारसायकलवरून दोघे येतात आणि मूल उचलून नेतात. मूळची ती कराचीतली, पालकांनी सावध राहावे म्हणून बनवलेली. शेवटी मूल परत आणून सोडतात; नेमका तेवढाच भाग कुणीतरी कापला होता. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवण्याची मर्यादा जाहीर केली. मर्यादेने वेग कमी होतो. खरे-खोटे मात्र माणसालाच निवडावे लागते.

पूर्वी बातमीदार आणि छापखाना यांच्यामध्ये उपसंपादक बसलेला असे. आता छोट्या ठिकाणी बातमी लिहिणारा, चित्रण करणारा आणि प्रसिद्ध करणारा बहुधा एकच असतो. तेव्हा उपसंपादकाची नजरही त्यालाच कमवावी लागणार.

आमचा धडा साधा आहे. समजा, पावसाळ्यात गाढी नदीच्या पुराची चित्रफीत आली. तिच्यातले एक स्थिरचित्र घेऊन ते पूर्वी कुठे झळकले होते का, हे इंटरनेटवर शोधायचे. दुकानांच्या पाट्या, गाड्यांचे नंबर, पूल निरखायचा. पाठवणाऱ्याकडे मूळ फाईल मागायची. कारण व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या फोटोत तो कधी, कुठे काढला ही नोंद सहसा उरत नाही. मग तहसील कार्यालयाला फोन करायचा आणि कोण काय म्हणाले, ते वहीत टिपून ठेवायचे.

एवढे करूनही उलगडा झाला नाही तर? 'खात्री झाली नाही' असे लिहून बातमी थांबवणाऱ्या विद्यार्थ्यालाही मी पूर्ण गुण देतो.