मोरयाचा धोंडा आणि सिंधुदुर्ग



मालवणच्या किनाऱ्यावर मोरयाचा धोंडा आहे. खडकावर गणपती, सूर्य, चंद्र कोरलेले आहेत. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी येथेच पूजन करून शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचा पाया घातला. भोवती खारा समुद्र. पण किल्ल्यातील दूधबाव, दहीबाव, साखरबाव या विहिरींचे पाणी गोडे! आत शिवराजेश्वराचे मंदिर. २०२५ साली हा किल्ला जागतिक वारशात गणला गेला.

देवळाच्या नव्या भिंतीवर कोणी नाव कोरू लागला, तर सारा गाव धावेल. तटावर कोरू लागला, तर मात्र ‘किल्ला सरकारचा’ म्हणून गप्प बसावे काय? जीर्णोद्धारासाठी एकवटलेले हात त्या दगडांनाही लाभोत, हीच श्रीचरणी प्रार्थना.