आधी गल्लीचं ऐका, मग नाटक लिहा



मी चिपळूणची. २२ जुलै २०२१ला वाशिष्ठीचं पाणी घरात शिरलं, तेव्हा अम्मीने सगळ्यात आधी माझी कॉलेजची पुस्तकं माळ्यावर टाकली. तिची स्वतःची पेटी खालीच राहिली.

पुढच्या वर्षी आम्ही सात-आठ जणांनी हवामान बदलावर पथनाट्य बसवलं. त्यात पृथ्वी रडत होती, मी पांढरी चादर गुंडाळून ध्रुवावरचं अस्वल झाले होते आणि शेवटी कर्ब उत्सर्जनावर भाषण होतं. दहा मिनिटांत अर्धी गर्दी पांगली. शेजारच्या खाला म्हणाल्या, "बेटी, अस्वलाचं वाईट वाटलं. पण माझं शिलाई मशीन वाहून गेलं, ते तुमच्या नाटकात कुठे होतं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आम्ही ती संहिता बाजूला ठेवली आणि घरोघर गेलो. प्रश्न एकच: पाणी आलं तेव्हा आधी काय उचललंत? कुणी कुराणशरीफ, कुणी रेशनकार्ड, कुणी शेळीचं पिल्लू. बेकरीवाल्या चाचांनी उधारीची वही. या उत्तरांचंच नवं नाटक झालं. पाणी जिथवर चढलं होतं, तिथे आम्ही भिंतींवर खडूने रेघ ओढली. खालांचं काम खालांनीच केलं. विज्ञानही आलं, पण त्या रेघेजवळ उभं राहून: हवा एक अंशाने तापली की तिच्यात सुमारे ७ टक्के जास्त बाष्प मावतं, म्हणून पाऊस कोसळतो तेव्हा जास्त जोराने कोसळतो.

या वेळी कुणी उठलं नाही. नाटक संपल्यावर लोकच बोलू लागले. रात्री इशारा कोण देणार? म्हाताऱ्या माणसांना वर कोण नेणार? त्याच रात्री नावांची यादी झाली. पुढच्या रमजानमध्ये इफ्तारीला थर्माकोलऐवजी स्टीलची ताटं आली, आणि ती धुवायला मुलगेही बसले.

ताटं बदलून वाशिष्ठीचा पूर थांबत नाही, हे आम्हाला कळतं. पण ज्या मोहल्ल्याने एकदा एकत्र बसून विचार केला, तो नगर परिषदेच्या दारातही एकत्र जातो.

ही वाट आपल्याला नवी नाही. बार्शीचे मेहबूब हुसेन पटेल, म्हणजेच शाहीर अमर शेख, यांनी अण्णाभाऊ साठे आणि द. ना. गव्हाणकरांसोबत लाल बावटा कलापथकातून कामगारांचे प्रश्न कामगारांच्याच बोलीत मांडले. पुढे संयुक्त महाराष्ट्राची चळवळ त्यांच्या डफावर गावोगाव पोचली.

तुमच्या गावात पूर नसेल. टँकरची रांग असेल, पत्र्याखाली तापणारा यंत्रमागाचा कारखाना असेल. डफ, रांगोळी, कव्वाली, मोबाइलचा कॅमेरा, जे येतं ते घ्या. पण आधी आपल्या खालांकडे जा आणि त्यांचं काय गेलं ते विचारा.